30 मीटरची फायबर टेप : वाकड्या रानाचे गुंठे मोजणाऱ्यांसाठी

आमचा ट्रॅक्टर भाड्यानं चालतो आणि भाड्याची वही माझ्याकडे असते. सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याच्या आसपासच्या गावांतून नांगरट, रोटावेटर, सरी सोडणं अशी कामं येतात. दर गुंठ्यावर ठरतो, त्यामुळं ‘रान किती?’ हा प्रश्न रोजचाच. सातबारा बघून त्याचं उत्तर मिळत नाही. एका गटात तीन-तीन भावांची वहिवाट असते, पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जमीन असते, बांध सरकलेले असतात, एखादी कड ओढ्यानं खाल्लेली असते. आम्हाला लागतं ते प्रत्यक्ष ज्या जमिनीत फाळ फिरला तिचं क्षेत्रफळ. त्यासाठी मी 30 मीटरची फायबरची टेप वापरते. तिच्यासोबत मोबाईलवरचं मोजणीचं अ‍ॅपही वापरून बघितलं आहे. दोन्हींबद्दल लिहिते, पण जास्त टेपबद्दल, कारण तिचा भरवसा मला जास्त वाटतो.

टेप सांगलीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून घेतली, साडेचारशेच्या आसपास पडली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या प्रकारच्या टेपा दिसायला आणि वापरायला जवळपास सारख्याच असतात, फरक पडतो तो बांधणीचा. पिवळी पट्टी, एका बाजूला मीटर-सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला फूट-इंच, टोकाला कडी आणि आकडा, म्हणजे हुक. बाजारात बंद डबीतली आणि उघड्या चौकटीची असे दोन प्रकार मिळतात. शेतासाठी उघड्या चौकटीचीच घ्यावी. आमच्या काळ्या रानात पाऊस होऊन गेल्यावर पट्टीला चिखल चिकटतोच. बंद डबीत तो आत जाऊन बसतो, वाळतो आणि मग फिरकी फिरत नाही. उघडी असेल तर पाटाच्या पाण्यात धुवायची, फडक्यातून ओढत गुंडाळायची, झालं.

पोलादी टेप जास्त अचूक असते हे खरं. पण ती गंजते आणि ढेकळांवर मुरगळली की तिथंच मोडते. शिवाय मोटारीच्या पेटीजवळ, वायरींच्या आसपास ती हातात धरायला मला भीती वाटते. फायबर कोरडी असेल तर त्यातून वीज वाहत नाही. कापडी टेप तर घेऊच नये, ओली झाली की तिचं माप बदलतं.

फायबर थोडी ताणली जाते. नव्या माणसाला ही मोठी अडचण वाटते, म्हणून हिशोब मांडते. समजा 30 मीटरला 5 सेंटिमीटर चूक झाली. लांबीत ती सहाशेत एक. क्षेत्रफळात लांबी आणि रुंदी दोन्ही येतात म्हणून चूक दुप्पट, म्हणजे तीनशेत एक. एकराला, म्हणजे 40 गुंठ्यांना, 0.13 गुंठा. भाड्याच्या हिशोबात एवढ्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते झोळामुळं आणि वाऱ्यामुळं. पट्टी हवेत लोंबती धरली की मधे झोळ पडतो. वारा असेल तर ती आडवी फुगते आणि माप नेहमी जास्तच येतं. जमिनीवर टेकवून, दोन्हीकडून सारख्या ताणानं धरली तर हा त्रास जातो. दोन माणसं लागतात, एकट्यानं मोजायचं असेल तर आकडा खुंटीत अडकवावा. आकडा पातळ पत्र्याचा असतो आणि माझा वाकला आहे, तेव्हा खुंटी मजबूत हवी म्हणजे ओढाताण होत नाही. हँडल प्लॅस्टिकचं आहे, ते फार टिकेल असं वाटत नाही.

आणखी एक बघून घ्या : शून्य कुठून सुरू होतं. काही टेपांत ते कडीच्या बाहेरच्या कडेपासून असतं, काहींत कडी सोडून पट्टीवर थोडं आत असतं. दर वेळी दहा सेंटिमीटरचा फरक पडत राहिला तर चार-पाच बाजूंच्या रानात तो साठत जातो.

आता मीटर की फूट? आमच्याकडं सगळे फुटात बोलतात, कारण गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट, हे सगळ्यांना पाठ आहे. जुनी मोजणीची साखळी 66 फुटांची. तिचा निम्मा 33, म्हणून साखळी बाय साखळी जागेत बरोबर 4 गुंठे बसतात आणि अशा 10 जागांचा एक एकर होतो. हिशोब सुंदर आहे, तरी मी टेपची मीटरची बाजूच वापरते. फुटाच्या बाजूला 52 फूट 6 इंच वाचलं की माणूस कॅल्क्युलेटरवर 52.6 दाबतो, खरं ते 52.5 असतं. 52 फूट 11 इंच तर 52.11 होऊन बसतात, म्हणजे जवळजवळ एक फूट गेला. मीटरच्या बाजूला 16 मीटर 5 सेंटिमीटर म्हणजे 16.05, एवढं जपलं की पुढं गोंधळ नाही. शेवटी चौरस मीटरला 101.17 नं भागलं की गुंठे येतात. सातबाऱ्यावरचा आर 100 चौरस मीटरचा असतो, म्हणजे गुंठा आणि आर जवळपास सारखे, पण एक नव्हेत. एकरात 40 गुंठे आणि 40.47 आर.

इथपर्यंत टेपचं झालं. पण टेप कितीही चांगली असली तरी तिनं काय मोजायचं हे ठाऊक नसेल तर साडेचारशे रुपये पाण्यात. आमच्या भागात जी रीत आहे ती सांगते. चार बाजू मोजायच्या, समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी काढायची, दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, झाले गुंठे. आमचे आबा, म्हणजे सासरे, कासरा घेऊन असंच मोजायचे. आजही बांधावर उभं राहून लोक असंच मोजतात आणि त्यावर व्यवहार करतात.

या रीतीनं येणारं उत्तर खऱ्या क्षेत्रफळापेक्षा कधीच कमी येत नाही. रान काटकोनी आयत असेल तरच बरोबर येतं, नाहीतर दर वेळी जास्त. माझ्या मते गावातल्या निम्म्या भांडणांचं मूळ इथं आहे. चूक कधी इकडं, कधी तिकडं झाली असती तर वर्षभरात फिटून गेली असती. ही कायम एकाच बाजूला झुकते. ट्रॅक्टरवाल्याला भाडं जास्त मिळतं, हळद लावायला उक्त्यावर आलेल्या बायकांना मजुरी जास्त मिळते, जमीन विकणाऱ्याला पैसे जास्त मिळतात. आणि ज्याच्या खिशातून जातात त्याला कळतही नाही, कारण चारही बाजू त्याच्यासमोर मोजलेल्या असतात.

एक उदाहरण घ्या. बाजू 40, 30, 40, 30 मीटर. परिमिती 140 मीटर. चारही कोपरे काटकोनात असतील तर क्षेत्रफळ 1200 चौरस मीटर, म्हणजे 11.86 गुंठे. आता हेच रान तिरकं आहे असं समजा. बाजू त्याच, परिमिती तीच, पण जवळच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं अंतर मोजलं तर ते 40 मीटर भरलं. काटकोनी रानात ते 50 भरलं असतं. या 40 मीटरच्या कर्णानं रानाचे दोन त्रिकोण होतात, प्रत्येकाच्या बाजू 40, 30, 40. त्रिकोणाच्या तीन बाजू माहीत असल्या की क्षेत्रफळ ठरलंच. आठवीच्या गणितात क्षेत्रफळाच्या धड्यात त्याचं सूत्र आहे, हेरॉनचं. तिन्हींच्या बेरजेचा निम्मा काढायचा, इथं 55. त्यातून एकेक बाजू वजा करायची : 15, 25, 15. चौघांचा गुणाकार 3,09,375. त्याचं वर्गमूळ 556.2. असे दोन त्रिकोण, एकूण 1112.4 चौरस मीटर. गुंठे 11. पाऊण गुंठ्याहून जास्त फरक, आणि तोही बाजू सगळ्या बरोबर मोजून.

परवा एक ओळखीचे शेतकरी म्हणाले, ‘‘वहिनी, चारी बांध मोजल्यात की, आनि काय मोजायचं राहिलं?’’ राहिलं ते मधलं. बांध कितीही काळजीनं मोजले तरी चौकोनाचा आकार त्यातून ठरत नाही. कर्ण मोजेपर्यंत रान आवळून तिरकं करता येतं आणि बांधांना त्याचा पत्ता लागत नाही.

हे काही माझं शहाणपण नाही. लग्नाआधी गणितात बी.एस्सी. केलं तेव्हा वाचलं होतं, आता रोज उपयोगी पडतंय. ब्रह्मगुप्तानं 628 मध्ये समोरासमोरच्या बाजूंच्या सरासरीचा हाच गुणाकार दिला आणि त्याला ‘स्थूल फल’ म्हटलं, म्हणजे ढोबळ. बांधावर जी रीत चालते ती चौदाशे वर्षांपूर्वीही ढोबळच मानली जात होती. सूक्ष्म फळासाठी, म्हणजे नेमक्या क्षेत्रफळासाठी, त्यानं चार बाजूंचं वेगळं सूत्र दिलं. पण चारही कोपरे एकाच वर्तुळावर येत असतील तेव्हाच ते लागू पडतं आणि आपल्या रानाचे कोपरे वर्तुळावर कुठले येणार! पुढं 1150 मध्ये भास्कराचार्यांनी हे अगदी कडक शब्दांत सांगितलं : कर्ण किंवा लंब न सांगता जो चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो त्याचं उत्तर देतो तो त्याहून मोठा. एवढा राग मला कळतो.

म्हणून टेप घेतली की बाजूंबरोबर कर्ण मोजा. चार कोपऱ्यांच्या रानाला 4 बाजू आणि 1 कर्ण, पाच मापं. पाच कोपऱ्यांच्या रानाला 5 बाजू आणि 2 कर्ण. सहाला 3 कर्ण. एका कोपऱ्यावर उभं राहायचं आणि तिथून समोरच्या सगळ्या कोपऱ्यांपर्यंत अंतर घ्यायचं.

नदीकडच्या बाजूला एक पाच कोपऱ्यांचा तुकडा आहे, त्याची मापं वहीत आहेत. बाजू क्रमानं 28, 22, 30, 18 आणि 25 मीटर. पहिल्या कोपऱ्यातून दोन कर्ण, 40 आणि 35. त्रिकोण तीन झाले. 28-22-40 चा 296.6 चौरस मीटर, 40-30-35 चा 508.3, 35-18-25 चा 214.2. बेरीज 1019.1, म्हणजे दहा गुंठ्यांना किंचित जास्त. मालक अकरा सांगत होते, कारण बापापासून अकराच ऐकलेलं. मी दहाचंच भाडं लावलं. आमचे यजमान आधी जरा गप्प बसले, पण त्या घरचं काम दर हंगामाला आमच्याकडंच येतं.

एखादा कोपरा आत घुसलेला असेल तर कर्ण त्याच कोपऱ्यातून काढायचे. दुसऱ्या कोपऱ्यातून काढले तर कर्ण शेजाऱ्याच्या रानातून जाऊ शकतो, आणि जो त्रिकोण वजा व्हायला हवा तो लोक मिळवून बसतात.

अडचण येते ती कर्ण 30 मीटरहून लांब असतो तेव्हा, आणि तो बहुतेक वेळा असतोच. मग मधे काठी रोवावी लागते, आणि ती सरळ रेषेत यायला हवी. एका कोपऱ्यावर उभं राहून समोरच्या कोपऱ्यावरची काठी आणि मधली काठी एकामागं एक लपतील अशी मधली सरकवायची. थोडी बाजूला गेली तरी फार बिघडत नाही, अर्धा मीटर सरकली तर 60 मीटरला फरक 2 सेंटिमीटरही पडत नाही. हे आधी माहीत असतं तर लोक कर्णाला एवढे घाबरले नसते. 50 मीटरची टेप घेतली तर काठ्या कमी रोवाव्या लागतात. मात्र ती जड होते आणि झोळ वाढतो, म्हणून आमच्याकडच्या तुकड्यांना मला 30 चीच बरी वाटते. एकरावरची सलग रानं असतील तर 50 ची घ्या.

ओढ्याकडची वाकडीतिकडी कड असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुतळी सरळ ताणायची आणि दर 5 मीटरवर सुतळीपासून कडेपर्यंत काटकोनात अंतर घ्यायचं. समजा ती अंतरं 0, 1.2, 2, 2.4, 1.6 आणि 0 आली. बेरीज 7.2, गुणिले 5, म्हणजे 36 चौरस मीटर. टोकांची अंतरं शून्य नसतील तर ती निम्मी धरायची. पाव गुंठ्याहून जास्त जमीन या एका कडेत असते आणि लोक ती अंदाजानं घालतात नाहीतर सोडून देतात.

आता मोबाईलच्या अ‍ॅपकडं वळते, कारण हल्ली सगळे तेच दाखवतात. बांधावरून फिरून या, क्षेत्रफळ आणि परिमिती दोन्ही हातात. उभ्या उसात ते खरंच उपयोगी आहे, कारण तिथं कर्ण टाकायचा कसा? तोडणी होईपर्यंत टेप आत नेता येत नाही आणि भांडण तर आज मिटवायचं असतं. अ‍ॅप आतून जे करतं तेही मला आवडतं. प्रत्येक कोपऱ्याची पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण जागा घेतं, शेजारशेजारच्या कोपऱ्यांचे तिरके गुणाकार करतं, त्यांच्या वजाबाकीची बेरीज करून निम्मी घेतं. त्रिकोण पाडायची गरज नाही, कोपरे कितीही असोत. फक्त कोपरे क्रमानं द्यावे लागतात. कोणी चौथा कोपरा तिसऱ्याच्या आधी टिपला की रेषा एकमेकींना छेदतात आणि क्षेत्रफळ भलतंच कमी येतं. स्क्रीनवर आकृती बघितली की ते लगेच कळतं, पण बघत कोणी नाही, आकडाच वाचतात.

मला खटकतं ते लहान तुकड्यांत. मोबाईलचं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली साधारण 5 मीटरच्या आत बरोबर असतं, झाडाखाली आणखी बिघडतं. सगळे कोपरे सारखेच एका बाजूला सरकले तर क्षेत्रफळ बदलत नाही, आणि पुष्कळदा होतंही तसंच. त्यामुळं अ‍ॅप वाटतं तेवढं वाईट नाही. पण कड सगळीकडून फक्त 1 मीटर बाहेर धरली गेली असं समजा. मग क्षेत्रफळात जवळजवळ परिमितीइतके चौरस मीटर वाढतात. वरच्या 40 बाय 30 च्या रानाची परिमिती 140, म्हणजे 140 चौरस मीटर, सुमारे 1.4 गुंठे, बारा गुंठ्यांत! बांधाच्या आतून चालायचं की माथ्यावरून, एवढ्यानंही अर्धा-पाऊण गुंठा इकडचा तिकडं होतो. चार-पाच एकराच्या सलग रानात हाच मीटर फारसा दिसत नाही, कारण रान मोठं होतं तशी परिमिती त्या मानानं हळू वाढते. म्हणून माझा नियम असा : एकराच्या आत टेप, एकरावर अ‍ॅप चालेल, आणि लांबट पट्टी असेल तर ती कितीही मोठी असो, टेपच.

लांबट पट्ट्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आमच्या भागात वाटण्या अशाच होतात. प्रत्येक भावाला रस्ता हवा, प्रत्येकाला विहिरीचं पाणी हवं, म्हणून रान उभं चिरतात. 1200 चौरस मीटर 40 बाय 30 चं असलं तर परिमिती 140. तेच 10 बाय 120 चं झालं तर परिमिती 260. गुंठे दोन्हीकडं तेच 11.86, सातबाऱ्यावर फरक दिसणार नाही. पण तारेचं कुंपण घालायला जा. अडीच-अडीच मीटरवर खांब धरले तर पहिल्याला 56, दुसऱ्याला 104. पाच पदरी तार 700 मीटर आणि 1300 मीटर. दोन पट्ट्यांमधल्या 120 मीटरच्या बांधाला अर्धा मीटर रुंदी दिली की 60 चौरस मीटर बांधाखाली गेले, जवळजवळ 0.6 गुंठा, आणि त्यात ऊस येत नाही. ट्रॅक्टरला मात्र लांब पट्टी बरी, वळणं कमी लागतात, डिझेल वाचतं, हे आमच्या बाजूनं खरं आहे. तरीही वाटणी करताना कोणी विचारलं तर मी टेप काढून दोन्ही आकारांची परिमिती लिहून दाखवते. एका घरी त्यामुळं दोघा भावांनी उभ्या चिरीऐवजी आडवी चीर घेतली आणि पाण्यासाठी पाइप टाकला. खर्चाचा हिशोब त्यांनी स्वतःच मांडला, पाइप कुंपणापेक्षा स्वस्त पडला.

कुंपणाचं काम करणारे गडी परिमिती बरोबर मोजतात, त्यांना क्षेत्रफळाशी देणंघेणं नाही. ठिबकवाले क्षेत्रफळ विचारतात, पण नळी लागते ती सऱ्यांच्या लांबीवर. साडेचार फुटांची सरी असेल तर 10 मीटर रुंदीत सऱ्या सातच्या आसपास बसतात आणि नळी त्या हिशोबानं. दुकानात जाण्याआधी टेपनं सरीची लांबी मोजून न्या, ‘बारा गुंठ्यांचं द्या’ एवढंच सांगू नका.

शिराळ्याकडच्या चढउताराच्या रानात टेप जमिनीलगत धरली तर तिरकं अंतर येतं, कागदावर आडवं लागतं. दहाला एक चढ असेल तर 30 मीटरला 15 सेंटिमीटरचा फरक. आमच्या सपाट भागात हा प्रश्न येत नाही.

एक गोष्ट ठासून सांगते. टेप आणि अ‍ॅप, दोन्ही भाड्याच्या, मजुरीच्या, खताच्या हिशोबासाठी. हद्द कुठून जाते हे टेप सांगत नाही. बांधाचा वाद असेल, जमीन विकायची असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाची सरकारी मोजणीच मागवावी. तिथले मोजणीदार आता रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र, घेऊन येतात आणि गटाच्या नकाशाशी जुळवून खुणा दाखवतात. माझ्या मापाचा कागद घेऊन कोणी शेजाऱ्याच्या दारात जाऊ नये, म्हणून मी मापं वहीतच ठेवते, सही करून देत नाही.

टेप घेताना दुकानातच पूर्ण उलगडून बघा. आमच्या दुकानदारानं न कुरकुरता जमिनीवर सोडली आणि पोलादी टेप शेजारी ठेवून दाखवली. जो दुकानदार उलगडू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आकडे पट्टीच्या आत छापलेले आहेत की वरून, हे नख घासून कळतं. वरून छापलेले असतील तर ढेकळांवर घासून पहिले दोन-तीन मीटर लवकर पुसट होतात आणि सगळ्यात जास्त वापर त्यांचाच असतो. माझ्या टेपवर दुसरा मीटर आता नीट वाचता येत नाही, पेनानं खुणा केल्यात. फिरकीचं हँडल धातूचं मिळालं तर पन्नास-शंभर जास्त द्यायला हरकत नाही. सोबत चार लोखंडी खुंट्या, सुतळीचं भेंडोळं आणि वही घ्या, म्हणजे मापं हातावर लिहायची वेळ येत नाही.